ब्लू नोटची जुनी एलपी घेताना आधी 'कान' शोधा

कव्हर १९६० च्या आसपासचं, आतली तबकडी मात्र नंतरच्या छपाईची. ब्लू नोट या अमेरिकन कंपनीच्या जॅझ रेकॉर्डमध्ये अशी अदलाबदल सर्रास होते आणि भाव मूळ प्रतीचाच सांगितला जातो. म्हणून पैसे काढण्याआधी हे करा:

१. तबकडी बाहेर काढा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून लेबलाभोवतीची गुळगुळीत, मोकळी पट्टी बघा.

२. तिथे कानाच्या आकाराची बारीक खूण दिसते का? ती प्लास्टिलाइट या छपाई कारखान्याची. खरं तर तो इंग्रजी 'पी' आहे, पण एकदा कान म्हणून दिसला की दुसरं काही दिसतच नाही. ही छपाई १९६६ पर्यंतची.

३. लेबलवर लिबर्टीचं, म्हणजे ब्लू नोट नंतर विकत घेणाऱ्या कंपनीचं, नाव असेल तर प्रत नंतरची आहे, घासाघीस करा. ऐकायलाच हवी असेल तर मी तीच घेईन.

'आरव्हीजी' शिक्क्यावर मात्र भुलू नका. तो ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांचा, आणि लिबर्टीच्या बऱ्याच प्रतींवरही सापडतो. कान असला तरी प्रत पहिल्याच छपाईची असेल असं नाही.