मायक्रोअरेचं बॅकग्राउंड काढताय? या चुका टाळा

दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टचा सीझन आला की कोल्हापुरातली पोरं तीच चूक घेऊन विचारायला येतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. मायक्रोअरे म्हणजे हजारो जीन्स किती चालू आहेत ते एकदम मोजणारी काचपट्टी, तिच्यावरचा एकेक ठिपका म्हणजे स्पॉट, आणि बॅकग्राउंड म्हणजे त्या स्पॉटभोवतीची नुसती चमक.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्पॉटच्या सिग्नलमधनं शेजारचं बॅकग्राउंड सरळ वजा करून मोकळं होणं. ऐकायला बरोबर वाटतं, पण आकडे मांडून बघा. समजा एका स्पॉटवर रेड (एका नमुन्याचा रंग) २४०, बॅकग्राउंड २१०, उरले ३०. ग्रीन (दुसऱ्या नमुन्याचा) २१२, बॅकग्राउंड २०५, उरले ७. झालं, जीन चौपटीपेक्षा जास्त वाढला! प्रत्यक्षात तिथं नुसता नॉइज आहे. आणि ग्रीनचं बॅकग्राउंड २१५ असतं तर उत्तर उणे तीन, त्याचा लॉग निघतच नाही, मग पोरं ते स्पॉट गुपचूप उडवतात.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीनं असंच केलेलं. टॉपचे जीन्स निवडले, गाइडनी मान डोलावली, प्रायमरचे पैसे भरले, आणि क्यूपीसीआरला (एकेक जीन वेगळा मोजून खात्री करायची चाचणी) सीटी, म्हणजे सिग्नल दिसायला लागलेली सायकल, ३५ च्या पुढं, म्हणजे हाताला काहीच नाही. मग राजारामपुरीत चहा घेत तिच्या लॅपटॉपवर एमए प्लॉट (आडवी सरासरी तीव्रता, उभा दोन रंगांतला लॉग फरक) काढला तर डावीकडचं टोक मोरपिसाऱ्यासारखं फुललेलं, आणि तिचे सगळे लाडके जीन्स नेमके तिथंच. हा प्लॉट काढायला दोन मिनिटं लागतात हो, तेवढा धीर आधी धरला असता तर पोरीचे पैसे आणि सेमिस्टर दोन्ही वाचलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मी टू-कलरला लिम्मामधलं (आर भाषेतलं पॅकेज) नॉर्मएक्स्प हे करेक्शन वापरतो, ऑफसेट (शेवटी मिळवायचा ठरावीक आकडा) ५० ठेवून. त्यात बॅकग्राउंड नॉर्मल आणि खरा सिग्नल एक्स्पोनेन्शियल धरून अंदाज काढतात, त्यामुळं निगेटिव्ह आकडा येतच नाही. ऑफसेटनं काय होतं? वरच्याच ३० आणि ७ मध्ये ५०-५० मिळवा, ८० भागिले ५७, दीडपटसुद्धा नाही. पण ५० म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, करेक्शनच्या आधीचा नि नंतरचा प्लॉट शेजारी ठेवा आणि ठरवा.

जिओवरनं (एनसीबीआयचा सार्वजनिक डेटाबेस) सिरीज मॅट्रिक्स, म्हणजे तयार आकड्यांचा तक्ता, उतरवून त्यावर परत करेक्शन करू नका, तो डेटा बहुतेक वेळा नॉर्मलाइज होऊनच आलेला असतो. सगळ्यात मोठी किंमत १६ च्या आसपास दिसली की लॉग घेऊन झालाय समजा. करेक्शन करायचंच असेल तर रॉ फाइल्स घ्या.

ॲफिमेट्रिक्सच्या चिपला पीएममधनं (जीनशी पूर्ण जुळणारा प्रोब) एमएम (मधला एक बेस मुद्दाम चुकवलेला जोडीदार प्रोब) वजा करायचा हट्ट सोडा. साधारण एक तृतीयांश प्रोबमध्ये एमएमच जास्त भरतो, म्हणून तर २००३ सालच्या आरएमए या पद्धतीनं एमएमला हातच लावला नाही.

स्कॅनची इमेज न बघता आकड्यांना हात घालू नका. ओरखडा, डाग, धुताना राहिलेला ओघळ कुठलाही फॉर्म्युला पुसत नाही.

इल्युमिनाची चिप असेल तर त्यांच्या जीनोमस्टुडिओ सॉफ्टवेअरमधलं बॅकग्राउंड सबट्रॅक्शन बंद ठेवून एक्स्पोर्ट करा आणि कंट्रोल प्रोबची फाइल आठवणीनं सोबत घ्या, लिम्माचं एनईक्यूसी हे फंक्शन त्यातल्या निगेटिव्ह कंट्रोलवरनंच (कुठल्याच जीनशी न जुळणारे प्रोब) नॉइज ओळखतं.