फ्रीजरमधला बांगडा खवट होतोय? या चुका टाळा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे मे संपत आला की मुंबईत घरोघरी फ्रीजर बांगडा-सुरमईने गच्च भरतात आणि मग जुलैत कालवण केलं की सगळे नाकं मुरडतात. लगेच कोळीण मावशीला नावं ठेवू नका प्लीज, मासा ताजाच होता, बिघडलाय तो आपल्याकडे.

बांगडा, तारली हे तेल मांसातच साठवणारे मासे. त्यात ओमेगा-३ नावाची फॅटी अ‍ॅसिड्स भरपूर, पैकी डीएचए म्हणजे २२ कार्बनची साखळी आणि त्यात ६ दुहेरी बंध. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन पटकन सुटतो, तिथे ऑक्सिजन चिकटतो, पेरॉक्साइड बनतं, ते तुटलं की अल्डिहाइड, आणि हाच तो जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास. याला जंतू लागतच नाहीत, म्हणून उणे १८ डिग्रीलाही हे चालूच राहतं, फक्त हळू.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मीठ-हळद चोळून फ्रीज करणं!! मिठाने तेल अजून लवकर खवट होतं, मीठ बाहेर काढल्यावरच लावा.

दुसरं रक्त. रक्तातलं लोह ही रिअ‍ॅक्शन पळवतं, तेव्हा कल्ले, पोट काढून मधल्या काट्याला चिकटलेलं काळं रक्त अंगठ्याने खरवडून धुवा. कातडीखाली बाजूने जो गडद पट्टा असतो ना, त्यात तेल पण जास्त आणि लोह पण, खवटपणा तिथूनच सुरू होतो, म्हणून तुकडे किंवा चिरा न पाडता बांगडा अख्खाच ठेवा, जेवढं मांस उघडं तेवढी हवा लागते.

बाजारातल्या पातळ पिशवीत गाठ मारून ठेवणं पण चूकच. आधी ताटलीत सुटे मासे कडक गोठवा, मग बर्फाच्या पाण्यात पटकन बुडवून परत आत, असं दोन-तीनदा केलं की वर बर्फाचा पातळ थर बसतो, मग झिपलॉकमधली हवा दाबून काढा.

आणि कोकम जास्त घालून वास जाईल असं समजू नका. समुद्री माशाचा नेहमीचा वास अमाइन नावाच्या रसायनांचा, तो आंबटाने दबतो, खवट तेलाचा नाही दबत. कातडीजवळ पिवळट-तपकिरी डाग दिसले तर मासा टाकून द्या.

बांगडा, तारली दोन-तीन महिन्यांत संपवा, कमी तेलाचे मासे मागे राहिले तरी चालतात. बोंबील मात्र गोठवूच नका, त्यात तेल कमी असलं तरी पाणीच इतकं असतं की सुटल्यावर लगदा होतो.