रब्बी ज्वारी: दाणा भरायचे पाणी आत्ताच राखून ठेवा

उत्तरा नक्षत्र लागले की सोलापूर, मंगळवेढा, करमाळा, जामखेड, आष्टी या पट्ट्यात पेरणीच्या पाभरी बाहेर निघतात. पुढचे चार महिने पीक जगते ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. हस्ताचा एखादा चांगला पाऊस झाला तर नशीब, नाहीतर वरून काहीच नाही. हे सगळ्यांना ठाऊक असूनही एक चूक दर वर्षी होते. पहिल्या दीड महिन्यात पीक गर्द, दाट आणि जोमदार दिसावे म्हणून आपण धडपडतो. डिसेंबरात कणसे निसवतात, खालून पाने करपू लागतात आणि मग टँकरचा विचार सुरू होतो. त्या वेळी हातात फारसे काही उरलेले नसते. जानेवारीतला दाणा भरायचा की चिपाड राहायचा, हे बरेचसे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ठरून गेलेले असते.

हे नुसते अनुभवाचे बोल नाहीत. ज्वारीच्या अवर्षण सहनशीलतेवर जगभर जे काम झाले, त्याचा रोख याच गोष्टीवर आहे. टेक्सासमधील लबक येथे डॅरेल रोझेनो या पैदासकारांनी दुष्काळात आजूबाजूची ताटे वाळत असताना हिरवी राहणारी ज्वारी हेरली. त्यातले बी-३५ हे सर्वांत जास्त अभ्यासले गेलेले पैदाशीचे वाण इथिओपियातल्या दुर्रा नावाच्या वंशाच्या ज्वारीपासून आलेले. या हिरवेपणामागचे चार जनुकीय भाग पुढे सापडले, त्यांना ‘स्टे-ग्रीन’ (म्हणजे हिरवे राहणारे) एक ते चार अशी नावे मिळाली. आपली मालदांडीही दुर्रा वंशाचीच, म्हणून हे काम आपल्या बांधाला लागून आहे असेच मी समजतो.

दुष्काळात पान हिरवे राहते म्हणजे ते पानच चिवट असणार, असे वाटणे साहजिक आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे शास्त्रज्ञ अँड्र्यू बोरेल यांनी सहकाऱ्यांसह हे चार भाग वेगवेगळे तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांना दिसले ते असे: या ताटांना बुंध्यातून निघणारे फुटवे कमी येतात, वरची पाने आकाराने लहान राहतात, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत एकूण पानोरा आटोपशीर असतो. कमी पानोऱ्यातून कमी पाणी उडते. वाचलेले पाणी जमिनीतच थांबते आणि दाणा भरताना मुळांना मिळते. म्हणजे शेवटी दिसणारे हिरवेपण हे आधी केलेल्या काटकसरीचे फळ असते. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत व्हिन्सेंट वादेझ आणि त्यांच्या चमूने सुमारे दोन मीटर लांबीच्या नळकांड्यांत माती भरून त्यात ताटे वाढवली आणि ती पुन्हा पुन्हा वजन करून कोणते ताट कोणत्या दिवशी किती पाणी पिते ते मोजले. ताटाने किती पाणी ओढले यापेक्षा ते केव्हा ओढले, याला तिथे फार महत्त्व आले. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती विसरू नये: हाच गुण एका वाणात घातला तर उपयोगी पडतो, दुसऱ्यात तितका नाही. त्यामुळे एका वाणावर सगळा भार टाकून मोकळे होता येत नाही. काटकसर रानातही करावी लागते.

आधी माती मोजा

पेरणीपूर्वी शेतात दोन-तीन ठिकाणी खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहा. एका मीटर खोलीची काळी जमीन पिकाला वापरता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. दीड फुटावर मुरूम लागला तर हीच शिल्लक ७० ते ९० मिलिमीटरवर येते. पूर्ण वाढलेले पीक दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवते. हा हिशोब मांडला की दाट, उंच आणि उशिरा येणारा वाण हलक्या रानात का फसतो, ते कागदावरच दिसते.

म्हणून वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे घ्या. हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माऊली. अनुराधा १०५ ते ११० दिवसांत येते, म्हणजे ओल संपायच्या आत निसटते. मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा आपली मालदांडी ३५-१. साठ सेंटिमीटरच्या वर खोल जमीन असेल तर फुले वसुधा, फुले यशोदा. पाणी हमखास असेल तरच फुले रेवती. मोहोळच्या केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला हा ३५-१ वाण आजही भाकरीच्या चवीसाठी आणि कडब्यासाठी लोक सोडत नाहीत, यात मला नवल वाटत नाही. पण फूटभर मुरमाड रानात मालदांडी पेरण्याचा हट्ट नको. ती चांगलीच आहे, फक्त तिला पुरेल इतके पाणी त्या रानात नसते.

जूनमध्ये सपाट वाफे केलेले असतील तर तुमच्या जमिनीत जादा ओल असणार. केले नसतील तरी अजून पाऊस बाकी आहे. उताराला आडव्या सऱ्या किंवा छोटे बांध ओढून पाणी जागेवर थांबवा. एक मिलिमीटर पाणी मुरले तर एकरी चार हजार लिटर मिळाले, हे लक्षात ठेवा. तेवढे पाणी विकत आणायला काय पडते, ते या भागात कोणाला सांगायला नको.

पेरणी आणि विरळणी

१५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ साधा. हलक्या जमिनी आधी, भारी नंतर. फार उशीर झाला तर पीक दोन्हीकडून सापडते: ओल खाली जाते आणि पोटरीच्या, म्हणजे कणीस पानाच्या आत फुगण्याच्या, सुमारास कडाक्याची थंडी येते. रात्रीचा पारा फार उतरला तर परागकण निकामी होतात आणि कणीस पोकळ राहते.

बियाण्याला काणी रोगासाठी ३०० मेश गंधक किलोला चार ग्रॅम चोळा, खोडमाशीसाठी शिफारस केलेले थायामिथोक्झाम लावा, आणि शेवटी अ‍ॅझोटोबॅक्टर व स्फुरद विरघळवणारे जिवाणू किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम. दोन चाड्यांच्या पाभरीने पेरा, म्हणजे खत बियाण्याच्या खाली ओलीत पडते.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते त्या कामाकडे येतो. एकरी चार किलो बी म्हणजे, हजार दाण्यांचे वजन ३५ ग्रॅम धरले तर, एक लाख पंधरा हजारांच्या आसपास दाणे. आपल्याला एकरी ताटे हवीत सुमारे साठ हजार, दोन ओळींत ४५ आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवून. निम्मे दाणे उगवले नाहीत तरच ही संख्या आपोआप जुळेल. चांगली उगवण झाली तर जादा ताटे उपटावीच लागतात. पहिली विरळणी दहा-बारा दिवसांनी, दुसरी तीन आठवड्यांच्या आत. उगवलेले रोप उपटायला जीव होत नाही, हे मी समजू शकतो. पण बोरेल यांच्या ताटांनी फुटवे कमी करून जे साधले, तेच तुम्ही हाताने विरळणी करून साधता. उरलेल्या प्रत्येक ताटाच्या वाट्याला जानेवारीत जास्त ओल येते.

नत्राबाबतही हेच. कोरडवाहू पिकाला हलक्या जमिनीत एकरी १० किलो नत्र, म्हणजे युरिया २२ किलो, पुरे. मध्यम जमिनीत युरिया ३५ किलो आणि सिंगल सुपर फॉस्फेट ५० किलो, भारीत युरिया ५२ व सुपर फॉस्फेट ७५ किलो. सगळे पेरतानाच. महिन्याभराने शेजाऱ्याची ज्वारी जास्त काळी दिसली म्हणून वरून युरिया टाकू नका. त्या काळोखीने पाने वाढतात आणि पाने वाढली की पाणी उडते. मात्र शिफारशीपेक्षा कमीही देऊ नका. उपाशी ताटाची मुळे खोल जात नाहीत आणि खालची ओल तशीच पडून राहते.

कोळपणी थांबवू नका

कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणे. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी असे जुनी माणसे म्हणतात, आणि काळ्या जमिनीत ते तंतोतंत खरे आहे. पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, तणासाठी. दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने. तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने, कारण तोवर जमीन भेगाळते आणि भेगांतून खालची ओल वाऱ्यावर जाते. भेगा बुजवणारी ही तिसरी कोळपणी बरेच जण सोडतात. बैलजोडी मिळत नाही ही अडचण खरी आहे, पण चार घरांनी मिळून एक जोडी दोन दिवस लावली तरी काम होते. तूरकाठ्या, बाजरीचे सरमड, पाचट असे काही पडून असेल तर पाचव्या आठवड्याच्या आत ओळींमध्ये एकरी दोन टनांपर्यंत पसरा.

एकच पाणी असेल तर

शेततळ्यात किंवा विहिरीत एखाद्या पाण्याची सोय असेल तर ते पोटरीच्या वेळी, ५० ते ५५ दिवसांनी द्या. दुसरे मिळाले तर फुलोऱ्यात, ७० ते ७५ दिवसांनी. पंचवीस मिलिमीटर पाण्याला एकरी एक लाख लिटर लागते, त्यावरून आपले तळे किती रानाला पुरेल ते आधीच ठरवा. सगळ्या रानाला ओलसर करून सोडण्यापेक्षा निम्म्या रानाला नीट पाणी देणे केव्हाही चांगले. शक्य असेल तर तुषार संच वापरा, पाटाने दिलेले पाणी भेगांतच गडप होते.

नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच ओल कमी वाटली तर दर तिसरी ओळ काढून टाका. हा निर्णय जड आहे, पण उरलेल्या दोन ओळी तरतात. काढलेली कोवळी ताटे मात्र लगेच जनावरांपुढे टाकू नका. कोवळ्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या ज्वारीत सायनाइड तयार करणारा घटक वाढलेला असतो, तोही नत्र जास्त झालेले असेल तर अधिकच. विषबाधा झालेले जनावर तासाभरात हातचे जाऊ शकते. चारा पूर्ण वाळवून, मगच थोडा थोडा द्या.

फुलोऱ्यानंतर जमीन एकदम कोरडी पडली की खडखड्या हा रोग येतो. बुरशी मातीतच असते, तहानलेले ताट तिला बळी पडते. खोड आतून पोकळ, काळसर होते आणि वाऱ्याने ताट बुंध्याशी मोडते. त्यावर त्या वेळी मारायचे औषध नाही. वर सांगितलेली सगळी काटकसर हाच त्यावर इलाज आहे. फुलोऱ्यात १३:०:४५ या विद्राव्य खताची एक-दोन टक्क्यांची फवारणी ताण सोसायला थोडी मदत करते, पण जमिनीत ओलच नसेल तर तिच्यावर पैसे घालवू नका.

आणि जानेवारीत एकदा वहीसकट रानात जा. दाणा दुधाळ अवस्थेतून कठीण होत असताना ज्या ताटांची वरची चार-पाच पाने हिरवी आहेत, त्यांना दोरा बांधा. बांधाकडची, पाटाजवळची किंवा शेजारची जागा रिकामी असलेली ताटे घेऊ नका, त्यांना पाणीच जास्त मिळालेले असते. कणसात दाणा भरला नसेल तर ते ताटही हिरवेच राहते, म्हणून प्रत्येक कणीस दाबून बघा. रानाच्या मधोमध, दाटीत उभे राहून भरलेले आणि हिरवे असेल तेच पुढच्या वर्षीच्या बियाण्याला ठेवा, आणि ती कणसे खळ्यावर इतरांत मिसळू न देता वेगळी बडवा.