ऑस्टिओपॅथकडे जाताय? मग या चुका टाळा

भरलेला गॅस सिलिंडर तीसेक किलोचा असतो. मागच्या पावसाळ्यात तो मी एका हाताने तिरका ओढायला गेलो आणि कमरेत अशी उसण भरली की ओट्याला धरून दहा मिनिटं तसाच वाकलेला. तासाभरात सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकू पायाळू माणूस शोधायला निघाल्या, कारण पायाळूने कमरेला पाय लावला की उसण उतरते म्हणे. मित्राने हाडवैद्याचा नंबर पाठवला. भाचीचा फोन आला, ‘मामा, ऑस्टिओपॅथकडे जा.’ मी विचारलं, ‘ते ठिसूळ हाडांचे डॉक्टर ना?’

नावावरून अंदाज बांधणं

ठिसूळ हाडं म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, तो आजार. हाड मोडलं की ज्यांच्याकडे नेतात ते ऑर्थोपेडिक सर्जन. ऑस्टिओपॅथी ही हाताने करायची उपचारपद्धती आहे. अमेरिकेतल्या अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी ती 1874 मध्ये मांडली आणि 1892 मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावी तिचं पहिलं कॉलेज काढलं. एका जागी हालचाल अडली की ताण दुसरीकडे जातो, म्हणून दुखरी जागाच न बघता सगळं शरीर बघायचं, हे तिचं सूत्र. प्रत्यक्षात स्नायू दाबणं, ताणणं, सांधे हळूहळू हलवणं आणि कधीकधी छोटासा झटका.

पाटीवरची अक्षरं न तपासणं

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईवडील हमखास गोंधळतात. तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या नावापुढे एमडीऐवजी ‘डीओ’ असतं आणि यांना वाटतं, हा अर्धा डॉक्टर. तसं नाही. डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या मेडिकल कॉलेजात शिकलेला. अमेरिकेत तो पूर्ण डॉक्टर असतो, औषधं देतो, शस्त्रक्रियाही करतो. ब्रिटनमध्ये मात्र ऑस्टिओपॅथ हा वेगळा व्यवसाय आहे. 1993 च्या कायद्यानुसार तिथे नोंदणीशिवाय कुणाला हे नाव लावता येत नाही. आणि आपल्याकडे? पाटीवर ‘डी. ओ.’ दिसलं तर बहुधा ते डोळ्यांचे डॉक्टर, कारण नेत्ररोगातल्या पदविकेची अक्षरंही तीच! कंबर धरून तिथे जाऊ नका.

भारतात ऑस्टिओपॅथी करणारे बरेचसे मुळात फिजिओथेरपिस्ट असतात. मूळ पदवी कोणती, नोंदणी कुठे, ऑस्टिओपॅथी किती वर्षं शिकलात की शनिवार-रविवारच्या वर्कशॉपात, हे सरळ विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

हॉस्पिटलचं दुखणं ऑस्टिओपॅथकडे नेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मी गेलो त्या ऑस्टिओपॅथनी पहिली वीस मिनिटं मला हातच लावला नाही. रात्री दुखण्याने जाग येते का? ताप? वजन उतरलंय? लघवी नीट होते ना? मनात म्हटलं, दुखतेय कंबर आणि हे लघवीचं काय विचारतायत! मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला आणि कळ गुडघ्याखाली उतरते का ते बघितलं.

त्या प्रश्नांचा अर्थ नंतर कळला. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर मणक्याखालच्या नसांचा जुडगा दबलेला असू शकतो. तेव्हा मालीश नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. बारीक ताप, उतरणारं वजन आणि पडून राहूनही न थांबणारी पाठदुखी असेल तर आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. पूर्वी कॅन्सर झालेला, वयस्कर माणूस पडलेला, बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असलेलं कुणी, या सगळ्यांनी आधी डॉक्टर गाठावा. कुशीतून जांघेत उतरणारी कळ मुतखड्याची असू शकते. छाती, जबडा, डावा हात एकदम दुखू लागला तर ‘गॅस असेल, दाबून घेऊ’ म्हणायची ती वेळच नव्हे.

यातलं काही नाही, पण उसण, आखडलेली मान, बैठ्या कामाची पाठदुखी आठ-पंधरा दिवसांत उतरत नाही, अशा वेळी ऑस्टिओपॅथ किंवा चांगला फिजिओथेरपिस्ट उपयोगी पडतो.

‘कडक’ आवाजाच्या मागे लागणं

दाढी झाल्यावर न्हावी हनुवटी धरतो आणि खाडकन मान फिरवतो. कितीजण तेवढ्यासाठी दहा रुपये जास्त देतात! हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो. आवाज झाला नाही म्हणून उपचार फुकट गेला असं होत नाही. मानेच्या झटक्याने मेंदूला रक्त नेणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याचीही उदाहरणं आहेत. विरळा, पण आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असतील तर ते आधी सांगा आणि झटका नको म्हणा.

एमआरआयची फाइल पुढे करून ‘गादी सरकलीय’ म्हणणं

2015 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठदुखी नव्हतीच अशा विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या स्कॅनमध्ये फुगलेल्या दिसल्या. म्हणजे रिपोर्टातली गादीच दुखतेय असं नव्हे, आणि ती हाताने ढकलून आत बसवतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा.

सगळं बरं करून मागणं

कंबरदुखीत हाताच्या उपचारांचा थोडाफार फायदा दिसतो. कोणते उपचार करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2016 च्या सूचनांमध्येही ते व्यायामाच्या जोडीनेच सुचवलेत, एकटे नाहीत. दमा, मधुमेह, बाळाची पोटदुखी यावर दावे ऐकू येतात, त्यांना भक्कम आधार नाही. चालू गोळ्या तर कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

आणि वीस सिटिंगचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. मला तीन वेळा बोलावलं, दोन व्यायाम लिहून दिले आणि चौथ्याची गरज वाटली तर फोन करा म्हणाले. पहिल्या दिवसानंतर अंग ठणकलं, ते एक-दोन दिवस चालतं. मुंग्या वाढल्या, पाय लुळा वाटला, चक्कर आली किंवा बोलताना जीभ अडखळली, तर मात्र पुढच्या सिटिंगची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी निघताना दोनदा सांगितलं.