हायड्रोजेलची मजबुती: कडकपणा हवा की चिवटपणा?

जखमेवरील आवरण किंवा कूर्चेला पर्याय म्हणून हायड्रोजेल (बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, साखळ्यांचे भरपूर पाणी धरून ठेवणारे जाळे) तयार करू पाहणाऱ्या ठाणे व नवी मुंबईच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आधी एक गोष्ट ठरवावी: जेल कडक हवे की चिवट? बहुवारिकाच्या साखळ्यांमधील दुवे वाढवत नेले की जेल कडक होते खरे, परंतु खरवसाच्या वडीप्रमाणे एका कापात दुभंगते. चिवटपणासाठी जाळ्याच्या काही भागाने ताणाखाली तुटून ऊर्जा शोषून घ्यावी लागते आणि उरलेल्या भागाने अखंड राहावे लागते. होक्काइडो विद्यापीठातील ज्यान पिंग गाँग यांच्या गटाने २००३ मध्ये मांडलेली दुहेरी जाळ्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. मात्र अशा जेलांत वारंवार वापरले जाणारे ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असते, त्यामुळे पदवीच्या प्रकल्पासाठी त्याची शिफारस मी करणार नाही.

त्याऐवजी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, निवडावे. ते गोठवून वितळवले की साखळ्यांचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि तेच दुव्यांचे काम करतात. रासायनिक दुवाकारक लागतच नाही. पीव्हीए उच्च रेणुभाराचे आणि ९८ टक्क्यांहून अधिक जलापघटन (पाण्याशी अभिक्रियेने ॲसिटेट गट काढून टाकणे) झालेले घ्यावे, कारण उरलेले ॲसिटेट गट स्फटिक बनण्यात अडथळा आणतात. सुमारे १० टक्के द्रावण झाकणबंद भांड्यात ९० अंश सेल्सिअसला, पूर्ण पारदर्शक होईपर्यंत ढवळावे आणि बुडबुडे निघून गेल्यावरच साच्यात ओतावे, कारण अडकलेल्या प्रत्येक बुडबुड्यापासून पुढे चीर सुरू होऊ शकते. साचा रात्रभर उणे २० अंशांवर ठेवून नंतर सावकाश वितळू द्यावा. घाईने कोमट पाण्यात ठेवण्याचा मोह आवरावा, कारण स्फटिकांची वाढ मुख्यतः वितळण्याच्या काळात होते. अशी तीन ते पाच आवर्तने करावीत. पावसाळ्यात वीज गेल्यास फ्रीजर मध्येच तापतो, म्हणून तापमानाची नोंद ठेवावी. अन्यथा दोन नमुन्यांची तुलना निरर्थक ठरते.

याहून अधिक बळ हवे असल्यास जेल सोडियम सायट्रेटच्या संहत द्रावणात बुडवावे. हे लवण साखळ्यांभोवतीचे पाणी ओढून घेते, साखळ्या जवळ येतात आणि स्फटिकीकरण वाढते. लवण धुऊन काढल्यावर यातील काही बळ ओसरते, म्हणून मोजणी धुतल्यानंतरचीच ग्राह्य धरावी. अल्जिनेटचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या बहुवारिकाचे) कॅल्शियमने जोडलेले जेल बनवणे सोपे आहे, पण शरीरद्रवातील सोडियम त्यातील कॅल्शियमची जागा घेतो आणि ते हळूहळू सैल पडते. भार सोसण्याच्या कामी ते एकटे वापरू नये.

ताण-चाचणीपूर्वी नमुना ३७ अंशांच्या फॉस्फेट बफर द्रावणात (शरीरद्रवाशी मिळत्याजुळत्या क्षारयुक्त पाण्यात) वजन स्थिर होईपर्यंत फुगू द्यावा, आणि अखंड नमुन्यासोबत मुद्दाम खाच पाडलेला नमुनाही ओढून पाहावा. चिवटपणाचा खरा अंदाज त्यातूनच येतो. निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह (दाबाखालील वाफेचे यंत्र) टाळावा, कारण १२१ अंशांना हे स्फटिक वितळून जातात. गॅमा किरण हा पर्याय आहे. ट्रॉम्बेतील आयसोमेड या निर्जंतुकीकरण केंद्रात १९७४ पासून वैद्यकीय साहित्य अशा रीतीने निर्जंतुक केले जाते. मात्र पाण्यातील पीव्हीएमध्ये किरणांमुळे नवे दुवे तयार होतात (भाभा अणुसंशोधन केंद्राने भाजलेल्या जखमांसाठीचे आवरण याच गुणधर्मावर विकसित केले), त्यामुळे किरणोत्सर्गानंतर सर्व चाचण्या पुन्हा कराव्यात आणि आयएसओ १०९९३-५ नुसार पेशी-विषाक्तता चाचणीसाठीही त्याच खेपेतील नमुने पाठवावेत.