पार्किंगची पावती हातात आल्यावर

पुण्यात गाडी लावण्याचे पैसे आपल्याकडून निदान तीन वेगवेगळ्या अधिकारांखाली घेतले जातात आणि तिन्ही पावत्या दिसायला जवळपास सारख्याच असतात. वाहतूक पोलिसांचा दंड हा मोटार वाहन कायद्याखालचा असतो. महापालिकेच्या 'पे अँड पार्क'चे शुल्क महापालिकेने ठरवलेले आणि ठेकेदाराला वसूल करायला दिलेले असते. आणि मॉल, रुग्णालय, हॉटेल किंवा विमानतळाच्या वाहनतळावरची आकारणी ही त्या जागेच्या चालकाने आपल्याशी केलेल्या करारातून येते, मग तो करार तिकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला का असेना. म्हणून पावती हातात पडली की रकमेकडे पाहण्याआधी ती कोणाच्या नावाने फाडली आहे, ते पाहावे. पैसे भरायचे की नाही, तक्रार कोठे करायची आणि किती मुदतीत, हे सारे त्या एका ओळीवर ठरते.

पोलिसांच्या दंडाचे आधी उरकून घेऊ, कारण तो मार्ग तुलनेने सरळ आहे. नो-पार्किंगसाठी कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होतो. गाडी उचलून नेली असल्यास टोइंगचे पैसे वेगळे लागतात. ई-चलन आले असेल तर राज्याच्या वाहतूक ई-चलन संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकून त्यासोबतचे छायाचित्र उघडून पाहावे आणि गाडी आपली नसेल किंवा जागा चुकीची असेल तर तेथेच तक्रार नोंदवावी. मोबाइलवर आलेल्या संदेशातील दुव्यावरून पैसे कधीही भरू नयेत आणि चलनाच्या नावाने आलेली कोणतीही फाइल उघडू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

खासगी पावतीचे प्रकरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. तिच्यावर 'दंड' असा शब्द ठळक छापलेला असला, तरी तो कायद्याच्या अर्थाने दंड नसतो, कारण दंड करण्याचा अधिकार कायद्याने नेमलेल्या यंत्रणेलाच असतो आणि गणवेश घातलेला सुरक्षारक्षक म्हणजे ती यंत्रणा नव्हे. वाहनतळ चालवणाऱ्याला मागता येते ते कराराने ठरलेले शुल्क आणि अट मोडल्यास भरपाई. तीही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे, करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत आणि वाजवी असेल तेवढीच. 'तिकीट हरवल्यास इतके रुपये', 'ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबल्यास इतके' अशा अटी गाडी आत घेण्याआधी वाचता येतील अशा ठिकाणी लावलेल्या असतील, तरच त्या आपण मान्य केल्या असे म्हणता येते. बाहेर पडताना केबिनच्या काचेआडून प्रथमच दाखवलेल्या कागदाला तेवढे वजन नाही, आणि हा मुद्दा तेथेच शांतपणे मांडल्यास बहुतेक वेळा पर्यवेक्षकालाही तो कळतो.

माझ्याच बाबतीत घडलेला एक प्रकार सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये शहराच्या पूर्व भागातील एका मॉलमध्ये मी गाडी वरच्या उघड्या मजल्यावर लावली आणि तिकीट डॅशबोर्डवर ठेवले. दोन तासांनी परतलो तेव्हा थर्मल कागदाचे ते तिकीट उन्हाने तापून करडे-काळे झाले होते आणि त्यावरची वेळ तर सोडाच, क्रमांकही वाचता येत नव्हता. केबिनमधल्या मुलाने ते उलटसुलट करून पाहिले आणि 'तिकीट हरवल्या'चे पैसे मागितले. तिकीट हरवले नसून माझ्या हातात आहे, हे त्याला पटेना. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. शेवटी मी पर्यवेक्षकाला बोलावून एवढेच म्हटले, की प्रवेशाच्या दांड्यापाशी कॅमेरा आहे, त्यात माझ्या गाडीची पाटी आणि वेळ दिसेल, ती पाहून जे होतील ते पैसे घ्या. दोन मिनिटांत नोंद सापडली आणि दोन तासांचे साधे शुल्क देऊन मी बाहेर पडलो. तेव्हापासून तिकीट हातात येताच त्याचे छायाचित्र काढतो आणि ते पाकिटात ठेवतो. आत शिरताना दरफलकाचेही एक छायाचित्र घ्यावे. पुढे वाद झालाच, तर ही दोन छायाचित्रे सर्वात जास्त उपयोगी पडतात.

बाहेर पडताना मिळणाऱ्या पावतीवर चालकाचे नाव, अनुक्रमांक, गाडीचा क्रमांक, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ असावी. जीएसटी लावलेला असेल तर नोंदणी क्रमांकही हवाच. तो १५ अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीची सुरुवात २७ ने होते. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेता येत नाही, त्यामुळे कर लावला आहे पण क्रमांक नाही अशी पावती आली तर तेथेच विचारणा करावी. पावतीच देत नसतील, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मंडईजवळच्या आर्यन किंवा मिनर्व्हासारख्या महापालिकेच्या वाहनतळांवर किंवा रस्त्यावरच्या ठेक्यावर पावतीपेक्षा जास्त पैसे मागितले गेले, तर वाद ठेकेदाराशी न घालता महापालिकेच्या 'पीएमसी केअर' या तक्रार सेवेवर छायाचित्रासह तक्रार करावी, कारण तेथील दर ठेकेदाराचे नसून महापालिकेचे असतात.

मॉलने पार्किंगचे पैसे घ्यावेत की नाही, हा वाद जुना आहे. इमारतीच्या नकाशाला मंजुरी मिळताना पार्किंगची जागा नियमाने दाखवावीच लागते, मग तिचे भाडे कसले, असा युक्तिवाद केला जातो, आणि गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये मॉल व मल्टिप्लेक्सना असे शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय दिला होता. तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही. त्यामुळे दांड्यापाशी चाळीस रुपयांसाठी हा मुद्दा लढवू नये, असे माझे मत आहे. मागे उभ्या असलेल्या वीस गाड्यांना त्यात काडीचाही रस नसतो.

पावतीच्या मागे हमखास छापलेली आणखी एक ओळ म्हणजे 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर'. ती वाचून अनेकजण गाडीला ओरखडा पडला किंवा गाडी चोरीला गेली तरी गप्प बसतात. १९९८ मध्ये दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या व्हॅलेकडे, म्हणजे पाहुण्यांची गाडी लावून देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, सोपवलेली मारुती झेन चोरीला गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले, की गाडीचा ताबा एकदा हॉटेलने घेतला की ती सांभाळण्याची जबाबदारी त्याची असते आणि स्वतःच्या निष्काळजीपणाचे खापर त्या छापील ओळीवर फोडता येत नाही. येथे कळीचा मुद्दा ताब्याचा आहे. किल्ली देऊन गाडी सोपवली असेल, तर आपली बाजू भक्कम असते. आपणच गाडी लावून किल्ली खिशात ठेवली असेल, तर ती तितकी भक्कम राहत नाही. म्हणून किल्ली देताना मिळणारे कूपन जपून ठेवावे आणि गाडीभोवती एक फेरी मारून मोबाइलवर चित्रण करून ठेवावे.

चाकाला जॅमर लावून पैसे मागितले गेले तर काय करावे? जॅमर तोडू नये. त्यात आपल्यावरच नुकसानीची तक्रार होऊ शकते. कोणत्या अटीखाली तो लावला, हे लेखी मागावे. समोरचा अरेरावी करू लागला, तर ११२ वर फोन करावा. घाई असेल तर पैसे भरावेत, पण पावतीच्या दोन्ही प्रतींवर 'हरकत नोंदवून भरले' असे लिहून सही करावी. या तीन शब्दांमुळे नंतर 'तुम्ही तर राजीखुशीने भरले होते' असे म्हणण्याला जागा उरत नाही.

आता विमानतळ. लोहगावचा विमानतळ हवाई दलाच्या तळावर असून प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. नव्या टर्मिनलचा वापर जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. कोणाला आणायला जाताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की दांडा असलेल्या वाहनतळात वेळ गाडी थांबवल्यापासून मोजली जात नाही. ती प्रवेशाच्या दांड्यापासून बाहेरच्या दांड्यापर्यंत मोजली जाते आणि बाहेरच्या रांगेत गेलेली मिनिटेही तीत धरली जातात. विमान उतरले की लगेच आत शिरणारे नातेवाईक म्हणूनच पुढच्या टप्प्याचे पैसे भरतात. येणाऱ्याने पट्ट्यावरून बॅग उचलल्यावर फोन करायचा आणि त्यानंतरच गाडी आत घ्यायची, एवढी शिस्त घरात लावली तरी बराच खर्च वाचतो.

अ‍ॅपवरची टॅक्सी एरोमॉलमधून, म्हणजे विमानतळाच्या बहुमजली वाहनतळातून, घेतली, तर भाड्याच्या तपशिलात विमानतळ किंवा पार्किंग शुल्क अशी वेगळी ओळ असू शकते. प्रवास संपल्यावर चालक 'पार्किंगचे वेगळे द्या' म्हणाला, तर आधी अ‍ॅपमधला तो तपशील उघडावा. रक्कम तेथे धरलेली असेल, तर ती पुन्हा रोखीने देण्याचे कारण नाही. धरलेली नसेल, तर त्याच्याकडे दांड्यावरची पावती मागावी आणि पावती खरी असल्यास पैसे द्यावेत, कारण तो त्याच्या खिशातून गेलेला खर्च आहे. रिक्षाने जाणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये, म्हणजे पाच किलोमीटरचे साधारण ८५ रुपये होतात. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत शहरात त्यावर २५ टक्के जादा आकारता येतात. 'एअरपोर्ट चार्ज' म्हणून तोंडी सांगितलेल्या रकमेला मीटरच्या दरपत्रकात जागा नाही. हलके सामान असेल तर रामवाडी मेट्रो स्थानकापर्यंत रिक्षा आणि पुढे वनाझपर्यंत मेट्रो, हा मार्ग मला स्वतःला सोयीचा वाटतो.

विमानाच्या तिकिटातील 'यूडीएफ', म्हणजे वापरकर्ता विकास शुल्क, ही याहून वेगळी आकारणी आहे आणि ती भरली म्हणून पार्किंग मोफत मिळत नाही. तिचा एक फायदा मात्र फार थोडे लोक घेतात. तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असले आणि आपण प्रवास केला नाही, तरी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार यूडीएफ आणि इतर वैधानिक कर विमान कंपनीने परत करायचे असतात. ते मागून घ्यावेत.

तक्रार करायची झाल्यास पत्र लहान ठेवावे. मी वापरतो तो मसुदा असा: 'दि. … रोजी वाहन क्र. … आपल्या वाहनतळात … वाजता आले व … वाजता बाहेर पडले. दरफलकानुसार देय रक्कम रु. … होती, प्रत्यक्षात पावती क्र. … अन्वये रु. … घेण्यात आले. जादा घेतलेली रक्कम हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावी, अथवा ही आकारणी ज्या अटीनुसार केली तिची प्रत द्यावी.' पत्रात राग व्यक्त करू नये आणि अनुभवकथन तर मुळीच नको. उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. विमानतळासंबंधीची तक्रार नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' या तक्रार सेवेवर करता येते. विमानतळ प्राधिकरण माहितीच्या अधिकाराखाली येत असल्याने दहा रुपयांच्या अर्जावर पार्किंग ठेक्यातील मंजूर दरांची प्रतही मागता येते आणि तिचे उत्तर साधारणपणे तीस दिवसांत मिळायला हवे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्यात, तक्रार दाखल करता येते आणि सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. तरीही सत्तर रुपयांसाठी तेथे जाऊ नये. गाडीचे नुकसान, चोरी किंवा वारंवार होणारी लूट असेल, तरच हा खटाटोप करावा.

पुण्यातील ज्यांची मुले परदेशात आहेत आणि जे तेथे जाऊन गाडी चालवतात, त्यांच्यासाठी एक इशारा. इंग्लंडमध्ये खासगी कंपनीची नोटीस आणि सरकारी दंडाची नोटीस या दोहोंचे लघुरूप 'पीसीएन' असेच आहे, पण पहिल्यात 'पार्किंग चार्ज' आणि दुसऱ्यात 'पेनल्टी चार्ज' असे शब्द असतात. खासगी आहे म्हणून ती फेकून देऊ नये: तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दोन तासांच्या मर्यादेपेक्षा ५६ मिनिटे जास्त थांबलेल्या चालकाकडून मागितलेले ८५ पौंड योग्य ठरवले होते. हीथ्रोवर प्रवाशाला टर्मिनलसमोर सोडण्याचेही पैसे लागतात. तेथे दांडा नसून कॅमेरे आहेत, त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत आपण होऊन पैसे भरले नाहीत तर नोटीस येते, आणि गाडी भाड्याची असेल तर भाड्याची कंपनी आपले प्रक्रिया शुल्क त्यावर चढवते. व्हँकुव्हरला विमानतळावरून मेट्रोने शहरात जाताना तिकिटावर पाच डॉलरचा अधिभार लागतो. परतीच्या दिवशी शहरातून विमानतळाकडे जाताना मात्र तो लागत नाही, म्हणून येतानाच 'दोन्ही वेळचे' पाच-पाच डॉलर बाजूला काढून ठेवण्याचे कारण नाही.