जुनी ब्रेझा, नेक्सॉन घेताय? आधी सीटबेल्ट ओढून बघा

चार मीटरच्या आतली जुनी एसयूव्ही बघायला गेलात की बॉनेट उघडण्याआधी सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते, पण गुंडाळीत आत राहणाऱ्या वीतभर पट्ट्यावरचा मातकट डाग बरेचदा तसाच राहतो. पट्टा एकदम नवाकोरा असेल तर तो का बदलला, तेही विचारा. मग डिकीतली चटई उचला आणि स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा. गाळ किंवा कुबट वास आला तर गाडी कितीही स्वस्त असो, नको म्हणा. कनेक्टरमध्ये गंज शिरला की वायरिंगची कटकट संपत नाही. 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, त्यामुळे त्याआधीचं एमएच 08, 09, 10 (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) पासिंग असेल तर जास्त बारकाईने बघा. अर्थात तिथली प्रत्येक गाडी बुडालेली नसते.

मालकाला आधीच सांगून ठेवा, गाडी गरम करून ठेवू नका. थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट आणि धूर तुम्हाला स्वतःला बघायचाय.

आरसीवर कर्जाचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 (आरसीवरचा बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. विमाही 14 दिवसांच्या आत नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, तेव्हा वाढीव हप्त्याचे पैसे बाजूला ठेवा.